रंग कोणाचा, पातेरा कोणाचा?

गळायला निघालेल्या पानाचा रंग पाहून आनंद मानावा का, असा प्रश्न कोणी विचारला तर बहुतेक लोक हसतील. त्यात विचारण्यासारखे काय आहे? ज्याला पाहायचे त्याने पाहावे, नाही त्याने आपल्या कामाला लागावे. पण थोडा विचार केला की हा प्रश्न वाटतो तितका साधा राहत नाही. आनंद कशाचा होतो, तो कोणाला होतो आणि त्याची किंमत कोण चुकवतो, असे तीन प्रश्न त्याच्या पोटात आहेत. त्यातला शेवटचा तर थेट आपल्या अंगणात येऊन उभा राहतो.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी माणसे. आमच्या पाठ्यपुस्तकांतल्या नज्म-गझलांमधून 'खिजाँ' हा शब्द वर्षानुवर्षे येत राहतो. खिजाँ म्हणजे पानगळ. फळ्यावर आम्ही बहारच्या समोर खुशी आणि खिजाँच्या समोर गम असे लिहितो. मुले वहीत उतरवून घेतात. परीक्षेत विरुद्धार्थी शब्द विचारला की एक गुण पक्का. हा शब्द आणि त्याच्याबरोबरची सगळी चित्रे फारसीतून, म्हणजे इराणच्या बागांतून आपल्याकडे आली. तिथली बाग चार भिंतींच्या आत, पाटाच्या पाण्यावर जिवापाड जगवलेली. पाने झडली की पुढे कडाक्याची थंडी, उघड्या फांद्या आणि थेट नवरोजपर्यंतची प्रतीक्षा. अशा मुलखातल्या कवीला खिजाँ दुःखाची वाटली तर त्यात नवल नाही.

पण वर्गाच्या खिडकीबाहेरचा मुलूख इराण नाही, कोकण आहे. इथे 'शरद' म्हणावा तर तो आश्विन-कार्तिकात येतो. तेव्हा भाताची कापणी चालू असते, आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ असते आणि रान अजून हिरवे असते. पाने गळतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. आणि नेमकी तेव्हाच काटेसावर, पांगारा आणि पळस एकही पान अंगावर नसताना फुलांनी पेटून उठतात. आंब्याला मोहोर असतो. पिंपळाची जुनी पाने पडतात न पडतात तोच तांबूस कोवळी पालवी लसलसू लागते. हे सगळे समोर दिसत असताना एखादा मुलगा विचारतो, "सर, मग आपल्याकडे बहार आणि खिजाँ एकदमच येतात का?" या मुलाला काय उत्तर द्यायचे? पुस्तकातले उत्तर गुणांसाठी ठीक आहे. खिडकीतले उत्तर मात्र 'होय' असेच आहे.

या दिवसांत घरगुती बागेत रंगांची सर्वांत मोठी उधळण करणारे झाड म्हणजे देशी बदाम. सुक्या मेव्यातल्या बदामाशी त्याचे नाते फक्त नावापुरते. कोकणात तो अंगणात असतो, मशिदीच्या आवारात असतो, शाळेच्या मैदानाच्या कडेला असतो. त्याच्या फांद्या मजल्यावर मजले चढवल्यासारख्या आडव्या पसरतात, म्हणून सावली दाट. पान वीतभर लांब, टोकाकडे रुंद, जाडसर. पौष-माघात हे पान रंग बदलू लागते. सगळे झाड एकदम बदलत नाही. एकाच फांदीवर एक पान हिरवे, दुसरे पिवळे, तिसरे तांबूस आणि चौथे गडद लाल, अशी सरमिसळ असते. सकाळचे तिरपे ऊन मागून पडले की लाल पानातली एकेक शीर दिसते. काश्मीरचा चिनार पाहायला आपली माणसे पैसे साठवून जातात, आणि जावेच. पण घरच्या अंगणात पाहुण्यासारखा आलेला हा रंग 'कचरा वाढला' एवढ्याच शब्दांत निकालात निघतो, ही गोष्ट आम्हाला विचार करायला लावते.

हा रंग येतो कुठून? विज्ञानाचे पुस्तक सांगते की पानातला हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो. पानाची वेळ भरत आली की झाड हे द्रव्य मोडते आणि पानातला नत्राचा अंश आणि इतर अन्नांश फांदीत ओढून घेते. साधारण निम्म्याच्या आसपास नत्र आणि स्फुरद असे परत घेतले जाते. हिरवा रंग ओसरला की पिवळा दिसू लागतो. तो नव्याने आलेला नसतो, पान कोवळे असल्यापासून तिथेच असतो, फक्त हिरव्याखाली झाकलेला. लाल रंगाची गोष्ट वेगळी. तो बहुतांशी शेवटच्या दिवसांतच नव्याने तयार होतो. जाणारे पान हा खर्च का करते, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. काहींच्या मते अन्नांश परत घेण्याचे काम चालू असताना हा रंग उन्हापासून आडोसा देतो. विल्यम हॅमिल्टन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाच्या नावावरचा, त्यांच्या निधनानंतर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला विचार असा की हा भडक रंग किड्यांना दिलेला इशारा असावा. खरे कारण कोणतेही असो, एक गोष्ट स्पष्ट आहे. तो रंग आपल्यासाठी नाही. झाड आपले काम करत असते आणि आपण मधूनच जाणारे प्रेक्षक असतो.

इथे पहिला आक्षेप येतो. जे आपल्यासाठी नाही, ज्याचा आपल्याला उपयोग नाही, त्यात वेळ घालवणे हा इसराफ, म्हणजे उधळपट्टी नाही का? आपल्या समाजात हा आक्षेप फार जोरात असतो. कष्टाने पोट भरणाऱ्या समाजात तो असणारच. ज्या घरात महिन्याच्या शेवटच्या आठवड्याचा हिशोब लागत नाही, तिथे पानांचे रंग पाहा म्हणून सांगणारा माणूस थट्टेचा विषय होतो. पण या आक्षेपाचे उत्तर आपल्याच परंपरेत फार पूर्वी देऊन ठेवलेले आहे. इमाम गझाली (१०५८-११११) यांनी 'इह्या उलूम अद्-दीन' या ग्रंथात प्रेमाची कारणे सांगताना सौंदर्याचा विचार केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की सुंदर वस्तू माणसाला केवळ उपभोगासाठी आवडते हा समज चुकीचा आहे. हिरवळ आणि वाहते पाणी माणसाला आवडते ते हिरवळ खायची असते किंवा पाणी प्यायचे असते म्हणून नव्हे. नुसते पाहण्यातच सुख असते. युरोपात इमॅन्युएल कांट यांनी निर्हेतुक आनंदाचा विचार मांडला तो १७९० मध्ये, म्हणजे गझालींनंतर पावणेसातशे वर्षांनी. तेव्हा उपयोगाशिवायचा आनंद ही कोणा रिकामटेकड्याची किंवा परक्याची कल्पना नाही. उलट, ज्या वस्तूवर आपला ताबा नाही आणि जिच्याकडून आपल्याला काही उकळायचे नाही, तिच्याकडे पाहताना माणूस थोडा वेळ तरी हावरेपणातून सुटतो. उधळपट्टी संपत्तीची होते, नजरेची होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे. हा रंग म्हणजे पानाचे मरण. मरणाचे सुख मानायचे का? यावर बरेच लोक एक गोड उत्तर देतात. म्हातारपणही असेच सुंदर असते, आयुष्याची संध्याकाळही रंगीत असते वगैरे. भाषणात हे चांगले वाटते. आम्हाला मात्र हे उत्तर पटत नाही. ज्याच्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, जो रात्री तीनदा उठून त्याची कूस बदलतो, त्याला विचारा संध्याकाळचे रंग. म्हातारपणाला पानगळीची उपमा देणारा बहुधा खुर्चीत बसलेला असतो, उशाशी बसलेला नसतो. माणूस पान नाही. पानाला दुखत नाही, माणसाला दुखते. म्हणून पानाच्या रंगावरून माणसाच्या दुःखाला रंग देण्याची घाई करू नये.

पण याचा अर्थ पानाचा रंग पाहणे क्रूरपणाचे आहे असाही होत नाही. पान गळते तेव्हा झाड मरत नाही. झाडाने आधी आपले देणे-घेणे मिटवलेले असते. पानाच्या देठापाशी एक पातळ थर तयार होतो आणि जखम उघडी न ठेवता पान सुटते. कुरआन शरीफमध्ये, सूरह अनआममध्ये, गळणाऱ्या पानाचाही उल्लेख आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. इतकी क्षुल्लक घटनाही बेदखल नाही, हा भाव त्यातून आपल्यापर्यंत पोहोचतो. ज्याची दखल तिथे आहे, त्याच्याकडे माणसाने क्षणभर मान वर करून पाहिले तर त्यात गैर काय?

तिसरा आक्षेप मात्र असा आहे की त्याच्यापुढे गझाली आणि कांट दोघांनाही बाजूला ठेवून बोलावे लागते. तो आक्षेप कोणी विद्वान घेत नाही. तो आपल्या घरातली बाई घेते, तोही शब्दांत नव्हे, खराट्याच्या आवाजात. तुम्ही वर पाहून रंग बघता, खाली पडलेले कोण झाडते?

बदामाचे झाड दोन-दोन महिने पाने टाकत राहते. सकाळी अंगण झाडले की दुपारी पुन्हा तेवढेच. कौलांच्या पन्हळीत पाने अडकतात, मोरीच्या तोंडाशी साचतात, वाळत घातलेल्या सुकटीवर पडतात. बहुतेक घरांत हे सगळे निस्तरणे एकीच्याच वाट्याला येते. फजरची नमाज झाली की तिच्या हातात हिरांचा खराटा येतो आणि ती कमरेत वाकते. वाकलेल्या माणसाला फांदीवरचे पान दिसत नाही, जमिनीवरचे दिसते. एकच झाड, पण व्हरांड्यात चहाचा कप घेऊन बसलेल्याच्या वाट्याला त्याचा रंग येतो आणि खराटा धरणारीच्या वाट्याला त्याचा ढीग. गावात नगर परिषद असेल तर रस्त्यावर पडलेली पाने सफाई कामगार उचलतो, आणि तो उशिरा आला तर त्याला चार शब्द ऐकवायला आपण मोकळे असतो. अशा वेळी 'पानगळ किती सुंदर' हे वाक्य खोटे नसते, पण अर्धे असते.

शेजाऱ्याचा हिशोब तर आणखी नाजूक. आमच्या ओळखीच्या एका वाडीत दोन घरांच्या मध्ये चिऱ्याचा गडगा होता. अलीकडे बदाम, पलीकडे विहीर. बदामाच्या पानात टॅनिन भरपूर असते. शोभेचे मासे पाळणारे हौशी लोक ही वाळलेली पाने मुद्दाम टाकीत टाकतात. पण पिण्याच्या विहिरीत पाने पडून पाण्याला चहाचा रंग यायला लागला तर शेजारी कुठवर गप्प बसेल? "झाड तुमचं, पानं आमच्या पाण्यात," इथून सुरुवात झाली. "वारा आम्ही सोडतो का?" हे त्यावरचे उत्तर. दोन शिशिर असेच गेले आणि तिसऱ्याच्या आधी झाड बुंध्यापासून तोडले गेले. भांडणाचे कारण संपले, पण सलाम-दुआ काही परत सुरू झाली नाही. दोन्ही अंगणांत आता ऊन आहे.

या वादात न्याय कोणाच्या बाजूला होता? उस्मानी साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिक्हच्या आधारे 'मजल्ला' नावाची कायद्याची संहिता तयार झाली. तिच्यात अगदी याच भांडणाचा विचार केलेला आहे. एकाच्या झाडाच्या फांद्या दुसऱ्याच्या घरावर किंवा बागेवर गेल्या तर शेजारी त्या बांधून मागे घ्यायला किंवा छाटायला लावू शकतो. पण झाडाची सावली आपल्या बागेला बाधते एवढ्याच कारणावरून झाड तोडायला लावता येत नाही. आम्हाला यातले तारतम्य फार आवडते. फांदी बांधणे आणि छाटणे हे दोन्ही उपाय झाड राखूनच होतात. शेजाऱ्याचा हक मानला आहे आणि झाडाचेही काही राखले आहे. आपल्याकडेही शहरी भागात 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' आहे आणि परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. पण कायदा कुऱ्हाड थांबवू शकतो, अबोला थांबवू शकत नाही. त्यासाठी झाडाच्या मालकाने पहिल्याच वर्षी गडगा ओलांडून जायला हवे होते. विहिरीवर जाळी टाकून द्यायला हवी होती, आठवड्यातून एकदा शेजारचे अंगण झाडून द्यायला हवे होते. वाटेतला त्रास दूर करणे हे आपल्यात सवाबचे काम मानतात. मग आपल्याच झाडाने घातलेला त्रास दूर करणे हे तर सवाबच्याही आधीचे, निव्वळ देणे झाले.

इथे भाषेची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कोकणात गळून पडलेल्या वाळक्या पानांना 'पातेरा' म्हणतात. हा शब्द कचऱ्याचा समानार्थी नाही. पातेरा गोळा करायचा असतो, फेकायचा नसतो. भाताचा तरवा करण्याआधी जमीन भाजतात त्या राबात तो जातो, कलमांच्या बुंध्याशी ओल टिकावी म्हणून पसरतात, खतकुंडीत टाकतात. काश्मीरमध्येही चिनारची पाने अशीच झाडून, जाळून त्यांचा कोळसा करतात आणि थंडीत कांगडीत घालतात. जे पान ऑक्टोबर-नोव्हेंबरात डोळ्यांना सुख देते, तेच पुढच्या महिन्यांत फेरनच्या आत ऊब देते. अशा ठिकाणी रंग पाहणारा आणि पान उचलणारा यांच्यात फार अंतर उरत नाही, कारण पानाची किंमत दोघांनाही ठाऊक असते.

आपल्या अंगणांत सिमेंटच्या लाद्या आल्या आणि हा हिशोब बदलला. लादीवर पडलेले पान मातीत मिसळू शकत नाही. ते तिथे परके होते. मग 'पातेरा' हा शब्द मागे पडतो आणि त्याच पानाला 'कचरा' म्हणू लागतात. पान तेच, झाड तेच. एकदा कचरा म्हटले की पुढचे सगळे आपोआप घडते. तो जाळावासा वाटतो (डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली, तरी गल्लीगल्लीत धूर निघतोच), तो पिशवीत भरून दुसऱ्याच्या दारापुढे टाकावासा वाटतो आणि शेवटी तो करणारे झाडच नकोसे होते. वस्तूला आपण कोणत्या नावाने हाक मारतो यावर तिच्याशी आपण कसे वागणार हे ठरते. माणसांच्या बाबतीत हा अनुभव आपल्याला पुरेपूर आहे. झाडाच्या बाबतीतही तो खराच आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की आनंद मानणे आणि झाडणे या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडू नयेत. जो फक्त रंग पाहतो त्याचा आनंद दुसऱ्याच्या पाठीवर उभा असतो. आणि जिला फक्त झाडावे लागते, तिच्याकडून आपण नुसते कष्ट घेत नाही, तिच्या वाट्याचा रंगही घेतो. हा दुसरा अन्याय आपल्या लक्षात येत नाही. कामाची वाटणी करावी हे आता निदान बोलले तरी जाते. सुखाची वाटणी करावी हे अजून बोलले जात नाही. घरातल्या बाईला, सफाई कामगाराला, दारात येणाऱ्या मोलकरणीला सुंदर दिसण्याची गरज नाही, त्यांना तेवढी सवड किंवा तेवढी समज नसते, असे आपण मनातल्या मनात ठरवून टाकलेले असते.

हे ठरवणे किती चुकीचे आहे याचा दाखला आमच्या मोहल्ल्यातच आहे. एक वृद्ध बाई आहेत, सगळे त्यांना खाला म्हणतात. शाळेत गेलेल्या नाहीत. बदामाखालचे अंगण त्या रोज स्वतः झाडतात, पण त्या सकाळी पडलेली पाने मात्र झाडाभोवती तशीच ठेवतात. दहा वाजता शाळेची मुले गेली की मग ती भरून खड्ड्यात टाकतात. कोणी विचारले तर म्हणतात, "पोरं रंगीत पानं उचलतात. उचलू देत. माझं झाडणं काय, दहानंतरही होतं." खालांनी सौंदर्यशास्त्राचे एकही पुस्तक वाचलेले नाही. पण रंग आणि पातेरा यांचा हिशोब त्यांनी इतका चोख जमवला आहे की आम्ही बी. एड.च्या वर्गात ऐकलेली मूल्यशिक्षणाची व्याख्याने त्यापुढे कोरडी वाटतात.

शाळेतही हे करता येण्यासारखे आहे. मैदानावरची पाने झाडण्याचे काम आपण बहुधा शिक्षा म्हणून देतो. उशिरा आलास, पाने गोळा कर. त्यातून मुलाला काय कळते? झाडाखालचे काम अपमानाचे असते आणि ते चुकलेल्या माणसाने करायचे असते. त्याऐवजी सगळ्या वर्गाने, शिक्षकांसह, आधी पाने पाहावीत, रंगांप्रमाणे लावावीत, हिरवा जाऊन पिवळा कसा उघडा पडतो आणि लाल कसा नव्याने येतो ते समजून घ्यावे, आणि मग सगळ्यांनी मिळून ती झाडाच्या आळ्यात टाकावीत. खिजाँचा अर्थ अशा तासाला वेगळा कळतो. फळ्यावर खिजाँसमोर 'गम' लिहायला हरकत नाही, कारण भाषेने तो अर्थ शेकडो वर्षे जपला आहे. पण त्याखाली एक ओळ मोकळी ठेवावी आणि ती मुलांना भरू द्यावी.

हे सगळे अंगण असलेल्यांपुरते आहे, असे कोणी म्हणेल. भिवंडीच्या किंवा मुंब्र्याच्या चौथ्या मजल्यावर अंगण कुठे? खरे आहे. पण तिथेही रस्त्यावर कुठेतरी एखादा बदाम किंवा पिंपळ असतो आणि त्याखाली सकाळी कोणीतरी झाडत असते. प्रश्न झाडाच्या मालकीचा नाहीच. ज्या सुखाला आपण हात लावतो त्याच्या मागे कोणाचा हात राबतो, हे विचारण्याची सवय लागणे महत्त्वाचे. ती बदामाच्या पानापासून लागली तर पुढे ताटातल्या भाकरीपर्यंत आणि अंगावरच्या इस्त्रीच्या कपड्यांपर्यंत जाते.

तेव्हा गळत्या पानाचा रंग पाहावा की नाही, याचे आमचे उत्तर आहे, जरूर पाहावा. त्यात उधळपट्टी नाही आणि क्रूरपणाही नाही. फक्त एक अट असावी. येत्या माघात ज्या घरात बदाम लाल होईल, त्या घरातल्या पुरुषांनी निदान सुटीच्या दिवशी खराटा आपल्या हातात घ्यावा, गडग्यापलीकडे पडलेली पानेही उचलून आणावीत, आणि व्हरांड्यातली खुर्ची, चहाच्या कपासह, रोज झाडणारीला द्यावी. तिला तिथून झाड कसे दिसते ते तिलाच सांगू द्यावे. आपण मधे बोलू नये.